पहिलं घर आणि तीन खाती: पीएफ, एनपीएस, पीपीएफमधले पैसे मोकळे करताना

जळगावात २०२४ मध्ये आम्ही रो हाऊस घेतलं. घर शोधायला फारसा त्रास झाला नाही. त्रास झाला तो पीएफ (नोकरीतला भविष्य निर्वाह निधी), एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आणि पीपीएफ (पोस्टातली लांब मुदतीची बचत) यांत साठलेले स्वतःचेच पैसे हातात यायला. ऑफिसातल्या दोघातिघांनी सगळं विचारून घेतलं, तेव्हा वाटलं एकदा नीट लिहूनच ठेवावं. जिथे साल लिहिलेलं नाही त्या सगळ्या तारखा २०२४ च्या आहेत. नियम पुढे बदलले, ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

सुरुवात डिसेंबर २०२३ मध्ये. माझा चुलत भाऊ कॅनडाहून लग्नाला आला होता. त्याच्याकडे तिथल्या सरकारने एप्रिल २०२३ पासून एक खातं सुरू केलंय, फक्त पहिलं घर घेणाऱ्यांसाठी. वर्षाला ८,००० डॉलरपर्यंत भरायचे, आयुष्यभरात ४०,०००. भरले तेवढे उत्पन्नातून वजा, आत वाढले त्यावर कर नाही, पहिल्या घरासाठी काढले तरी कर नाही. खातं १५ वर्षं चालतं. घर नाहीच घेतलं तर पैसे निवृत्तीच्या खात्यात वळवता येतात. त्याने विचारलं, "तुमच्याकडे असं काय आहे?" मी म्हटलं, काही नाही.

जानेवारीत आमच्या कंपनीचं काम बघणाऱ्या सीए साहेबांकडे टीडीएसच्या कामाला गेलो होतो, तेव्हा हा विषय काढला. ते म्हणाले, एके काळी होतं. राष्ट्रीय आवास बँकेने १९८९ मध्ये 'होम लोन अकाउंट स्कीम' काढली होती, आधी बचत करा आणि मग त्या जोरावर कर्ज घ्या अशी. आयकरात वजावट मिळणाऱ्या बचतींच्या, म्हणजे कलम ८०सी च्या, यादीत तिचं नाव आजही आहे, पण बँकेत जाऊन ते खातं आज उघडता येत नाही. "आता तुमचं घराचं खातं म्हणजे तुमचा पीएफ आणि मॅडमचं एनपीएस. फक्त त्यावर तसं लिहिलेलं नाही," असं म्हणून त्यांनी कागदावर तीन चौकटी काढून दिल्या. तो कागद मी अजून जपून ठेवलाय, कारण पुढचं वर्षभर आम्ही त्या तीन चौकटींतच फिरत होतो.

आमची परिस्थिती थोडक्यात अशी. मी एमआयडीसीत एका प्लास्टिकच्या कारखान्यात अकाउंट्सला. त्याआधी पुण्याकडे पाच वर्षं नोकरी. दोन्हीकडे पीएफ कापला गेलेला. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, २०१२ ची भरती, म्हणजे जुनी पेन्शन नाही, एनपीएस. माझं पोस्टात पीपीएफ, तेही २०१२ चंच. पगारातून वाचलेली एक एफडी. गावाकडे धरणगाव तालुक्यात आजोबांच्या नावावरचं मातीचं घर. आमच्या दोघांच्या नावावर कुठेही काही नाही.

पहिली चौकट पीएफची. २०२४ मध्ये घरासाठी पीएफमधून पैसे काढायचा नियम (परिच्छेद ६८बी) असा होता: किमान पाच वर्षांची सदस्यता हवी. तयार घर घ्यायचं असेल तर ३६ महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, किंवा तुमचा आणि मालकाचा हिस्सा व्याजासकट, किंवा घराची किंमत, या तिन्हींत जे कमी असेल तेवढं मिळतं. नुसता प्लॉट घ्यायचा तर ३६ ऐवजी २४ महिने. घर सदस्याच्या, नवरा-बायकोपैकी दुसऱ्याच्या किंवा दोघांच्या नावावर असलं तर चालतं. भावाच्या, वडिलांच्या नावावर चालत नाही. आणि हा ॲडव्हान्स परत फेडायचा नसतो. पेन्शनचा हिस्सा मात्र यात धरू नका. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के, १५,००० पगाराच्या मर्यादेवर, म्हणजे जास्तीत जास्त १,२५० रुपये दरमहा पेन्शन योजनेत जातात. ते पासबुकात शेवटच्या रकान्यात दिसतात, पण घरासाठी निघत नाहीत.

माझं पासबुक उघडलं तर जळगावच्या नोकरीची रक्कम व्यवस्थित, पुण्याची वेगळ्या सदस्य क्रमांकाखाली तशीच पडलेली. तिथल्या नोंदीत माझी नोकरी सोडल्याची तारीखच नाही आणि वडिलांचं नाव चुकलेलं. आधारवर वडिलांचं जे नाव आहे ते न लिहिता तिथल्या कोणीतरी घरी ज्या नावाने हाक मारतात ते 'आप्पा' टाकलेलं. आता खानदेशात अर्धे वडील आप्पा आणि उरलेले अर्धे नाना, पण पोर्टलला त्याचं काय!

पीएफचं प्रादेशिक कार्यालय नाशिकला. जायची तयारी केली होती, तेवढ्यात कळलं की दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' नावाचा कॅम्प जिल्ह्याजिल्ह्यात लागतो. जानेवारी २०२३ पासून तो प्रत्येक जिल्ह्यात होतोय. २७ ला सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. जागा दर वेळी बदलते, कंपनीच्या एचआरकडे पत्र येतं, त्यांनाच विचारा. मी २७ फेब्रुवारीला गेलो. गर्दी होती, पण बहुतेक निवृत्त लोक पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी आलेले. माझा नंबर लागायला तासभर गेला आणि काम दहा मिनिटांत समजलं. तिथल्या साहेबांनी क्रम सांगितला: आधी नाव दुरुस्त, मग सोडल्याची तारीख, मग जुनं खातं नव्यात, आणि सगळ्यात शेवटी घराचा अर्ज. "मधलं एक राहिलं तरी शेवटचं अडकतं. आणि घराचा ॲडव्हान्स एकदाच मिळतो, तेव्हा सगळे पैसे एका जागी आले की मगच मागा." पूर्ण प्रकरणात मला मिळालेला हा सगळ्यात उपयोगी सल्ला, आणि तोही फुकट.

नाव दुरुस्तीला २०२४ मध्ये जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे सदस्य आणि कंपनी दोघांची मिळून घोषणा, करावं लागायचं. पोर्टलवर विनंती टाकायची, सोबत आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, आणि जुन्या कंपनीने ती मंजूर करून पुढे पाठवायची. इथे मार्च पूर्ण गेला. जुन्या कंपनीत माझ्या वेळचं कोणीच उरलं नव्हतं, फोन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. शेवटी मी सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये, वर युएएन (नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा क्रमांक) आणि जुना सदस्य क्रमांक ठळक लिहून, ईमेलने पाठवले आणि खाली एक ओळ टाकली की तुमच्या लॉगिनमध्ये विनंती आलेली आहे, फक्त मंजुरी द्यायची आहे. चौथ्या दिवशी मंजूर. त्यांना काम करायचं नव्हतं असं नाही, काय करायचं तेच माहीत नव्हतं. तुमचीही जुनी कंपनी अशीच असेल तर भांडायच्या आधी कुठलं बटण दाबायचं ते लिहून पाठवून बघा. पीएफ कार्यालयाकडून दुरुस्ती एप्रिलच्या शेवटी झाली.

सोडल्याच्या तारखेसाठी मात्र कंपनीची गरज पडत नाही. जानेवारी २०२० पासून सदस्य स्वतः ती टाकू शकतो, शेवटच्या वर्गणीला दोन महिने होऊन गेले असले की झालं. आधारच्या ओटीपीवर दोन मिनिटांचं काम. मग खातं वर्ग करण्याचा अर्ज. तो जूनच्या अखेरीस पूर्ण झाला. पुण्याचे व्याजासह १,७०,००० च्या आसपास नव्या पासबुकात आले आणि एकूण आकडा ६,४०,००० झाला. ताज्या वर्षाचं व्याज अजून जमा दिसत नव्हतं. ते उशिरा पडतं, बुडत नाही, त्याने घाबरून जाऊ नका.

दुसरी चौकट एनपीएसची, आणि ही मला सगळ्यात अवघड वाटली. घरासाठी तिथून निघतं ते स्वतःच्या वर्गणीच्या फक्त २५ टक्के. सरकारचा हिस्सा आणि वाढलेली रक्कम धरत नाहीत. तीन वर्षं झालेली हवीत, आणि २०२४ मध्ये पूर्ण नोकरीत तीनदाच काढता येत होतं. शिवाय १ फेब्रुवारी २०२४ पासून नियम असा की वडिलोपार्जित सोडून नावावर आधीच घर असेल तर घरासाठी मिळणार नाही. बायकोची स्वतःची वर्गणी ६,०८,००० भरली, म्हणजे हातात १,५२,०००. स्क्रीनवर दिसणाऱ्या एकूण शिलकीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. ती म्हणाली, "एवढ्यासाठी एवढे हेलपाटे?" पण या रकमेवर कर नाही आणि ती परतही करायची नाही, म्हणून अर्ज करायचा ठरलं.

खासगी नोकरीवाल्यांना हे ऑनलाइन स्वघोषणेवर करता येतं. सरकारी कर्मचाऱ्यांचा अर्ज १ जानेवारी २०२३ पासून पुन्हा त्यांच्या कार्यालयामार्फतच जातो. म्हणजे मुख्याध्यापक, मग तालुका, मग जिल्हा. आणि नेमकी निवडणूक आली. जळगाव आणि रावेरचं मतदान १३ मेला होतं. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, १० मेला. आमच्या घरी त्या वर्षी आखाजीला पुरणपोळी, आमरस झालं आणि दुसऱ्या दिवशी बायको मतदान केंद्राच्या ट्रेनिंगच्या कागदांत डोकं घालून बसली. ४४-४५ अंशांत ती ड्युटी करून आली, त्यानंतर आठवडाभर एनपीएस हा शब्द मी घरात काढला नाही. शाळा १५ जूनला उघडल्या, तेव्हा कुठे अर्ज हलला.

हलला आणि टेबलावर थांबला. तिथले बाबू म्हणाले, घर घेताय याचा पुरावा लावा. नियमात स्वघोषणापत्र पुरेसं आहे असं आम्ही दाखवलं, त्यावर त्यांचं उत्तर, "मॅडम, मी सही करतो, उद्या ऑडिटवाला मला विचारेल." त्यांच्या जागी बसून पाहिलं तर त्यांचंही खोटं नव्हतं. मग ठरलं की इसारपावती झाली की तिची प्रत लावायची.

म्हणजे आता घर बघणं आलं. इथे मी भराभर पुढे जातो, कारण घर कसं निवडावं यावर सगळ्यांचीच मतं तयार असतात. पिंप्राळा, खोटेनगर, महाबळ, शिरसोली रोड, सगळीकडे फिरलो. आमच्याकडे फ्लॅटपेक्षा खाली-वर स्वतःची जमीन असलेलं घर लोकांना आवडतं, उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची सवय अजून गेलेली नाही. पूर्णत्वाचा दाखला मिळालेलं रो हाऊस घेतलं, कारण अशा तयार घराला जीएसटी लागत नाही. किंमत ३४ लाख. इसार द्यायच्या आधी वकिलाकडून सातबारा, बिनशेती आदेश, मंजूर लेआऊट, बांधकाम परवानगी आणि ३० वर्षांचा शोध अहवाल करून घेतला, त्याचे ८,००० रुपये. बँक तिच्या वकिलाकडून पुन्हा करतेच आणि पैसे पुन्हा घेते. तरीही आपला आधी करा. इसार दिल्यावर सातबाऱ्यावर बोजा निघाला तर काय उपयोग. २१ जुलै, गुरुपौर्णिमा, ५१,००० रुपये इसार आणि इसारपावती.

घर कोणाच्या नावावर, यावर घरात जितकी चर्चा झाली तितकी किमतीवरही झाली नसेल. दोघांच्या नावावर घ्यावं असं सगळेच म्हणतात. आम्ही कागदावर मांडून पाहिलं. महाराष्ट्रात राहतं घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. सोबत पुरुषाचं नाव लागलं की ती जाते. ३४ लाखांवर ती ३४,००० रुपये. एनपीएसच्या नियमाला बायकोचं नाव लागतंच. पीएफला बायकोच्या एकटीच्या नावावरचं घरही चालतं. राहिली कर्जाच्या करसवलतीची गोष्ट. ती मिळते घराच्या मालकाला, तोही हप्ता भरत असेल तर. मी आधीच नव्या करपद्धतीत होतो, तिथे राहत्या घराच्या व्याजाची आणि ८०सी ची वजावट मिळतच नाही. बायको जुन्या पद्धतीत होती. म्हणजे माझं नाव घालून मला एक रुपयाचा फायदा नव्हता आणि ३४,००० जाणार होते. कर्जात मी सहकर्जदार राहिलो, घर तिच्या एकटीच्या नावावर झालं. आमच्या आप्पांना हे पचायला थोडा वेळ लागला. "पाटीवर तुझं नाव तरी लावशील ना?" एवढंच विचारलं. पाटीवर दोघांची नावं आहेत.

तुमचं गणित वेगळं असू शकतं. नवरा-बायको दोघेही जुन्या पद्धतीत आणि दोघांचाही कर मोठा असेल, तर दोघांना व्याजाचे दोन-दोन लाख वेगळे मिळतात आणि मग ३४,००० सोडून देणं परवडतं. आकडे टाकून बघा, शेजाऱ्याने केलं म्हणून करू नका.

पीएफचा अर्ज ५ ऑगस्टला केला. पोर्टलवर क्लेम, फॉर्म ३१, कारणात घर खरेदी, रक्कम, पत्ता, आणि बँक पासबुकाचा फोटो. घराचा एकही कागद मागितला नाही, स्वतःची घोषणा पुरते. पहिला अर्ज परत आला, कारण पासबुकाच्या पहिल्या पानावरची छपाई फिकी होती आणि आयएफएससी नीट वाचता येत नव्हता. बँकेतून नाव छापलेला चेक घेतला, दिवसाच्या उजेडात फोटो काढला, पुन्हा अर्ज. एप्रिल २०२५ पासून चेक-पासबुकाचा फोटो लावायची अटच काढून टाकली आहे, तेव्हा तुम्हाला हा भाग लागणार नाही. ठरलेली मुदत २० दिवसांची. मे २०२४ पासून घरासाठीचे १ लाखापर्यंतचे अर्ज आपोआप निकाली निघू लागले होते, पण माझी रक्कम मोठी असल्याने ती माणसाच्या हाताखालून जाणार होती. २९ ऑगस्टला ५,००,००० थेट माझ्या खात्यात.

सहा लाख चाळीस असताना पाचच का काढले, हे मला अनेकांनी विचारलं. माझं मत स्पष्ट आहे. पीएफवर २०२३-२४ ला ८.२५ टक्के व्याज होतं, करमुक्त. गृहकर्ज आम्हाला साडेआठच्या आसपास पडत होतं. एवढ्याशा फरकासाठी म्हातारपणाचा पैसा रिकामा करण्यात काही अर्थ नाही. बँक जेवढं देत नाही तेवढाच खड्डा या खात्यांनी भरावा. मामांना, म्हणजे बायकोचे मामा, पारोळ्याचे, हे काही पटलं नाही. ते निराळ्याच गोष्टीवर अडले होते. फॉर्म, ओटीपी, जॉइंट डिक्लरेशन सगळं ऐकून म्हणाले, "तुना पैसा तुलेच लेवाले इतला कागद?"

पैसे मिळाल्यापासून सहा महिन्यांत खरेदी पूर्ण व्हायला हवी, असाही नियम होता. म्हणून घर ठरायच्या आधी पीएफ काढून ठेवायची घाई करू नका. आणि पाच वर्षं सलग नोकरी व्हायच्या आत पीएफ काढला तर त्यावर कर लागतो, ५०,००० च्या वर टीडीएसही कापतात.

तिसरी चौकट सगळ्यात सोपी. पीपीएफ घरासाठी असं काही नसतं, कशासाठीही काढा. खातं उघडलेलं आर्थिक वर्ष संपल्यावर पाच वर्षं झाली की वर्षातून एकदा काढता येतं. किती? काढण्याच्या वर्षाआधीच्या चौथ्या वर्षाअखेरची शिल्लक किंवा मागच्या वर्षाअखेरची शिल्लक, दोन्हींत जी कमी, तिच्या निम्मी. मी २०२४-२५ मध्ये काढत होतो, म्हणून ३१ मार्च २०२१ ची शिल्लक धरली गेली, ४,८०,०००. हातात २,४०,०००. पोस्टात फॉर्म, पासबुक, आधार, बस. काउंटरवरच्या ताईंनी एकच सांगितलं, महिन्याची पाच तारीख ओलांडल्यावर काढा. आधी काढले तर त्या महिन्याचं व्याज जातं, असं त्यांचं म्हणणं. भरताना उलट, पाचच्या आत. खरं तर व्याज पाच तारीख ते महिनाअखेर यातल्या किमान शिलकीवर मोजतात, म्हणजे पाचनंतर काढले तरी कमी झालेली शिल्लकच धरली जाते, तेव्हा काढताना फार हिशोब करायचं कारण नाही. पण भरताना करा.

एनपीएसचे १,५२,००० ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आले, इसारपावती लावल्यावर टेबल हललं. त्या रविवारी, ११ ऑगस्टला, घरी कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी, बसली होती. आईने तो योग जुळवून टाकला. मी म्हटलं जुळव, बाबूंनी सही केली हे महत्त्वाचं.

हिशोब असा झाला. घर ३४ लाख, कर्ज २५ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळून २ लाखांच्या घरात, नोंदणी फी १ टक्का पण ३०,००० च्या वर नाही. बँकेची प्रक्रिया फी, वकील, विमा, किरकोळ मिळून साधारण ४०,०००. म्हणजे खिशातून साडेअकरा लाख. त्यातले ८,९२,००० तिन्ही खात्यांतून, बाकी एफडी मोडून. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो पूर्ण आपला. कर्ज किती मिळेल एवढंच विचारणारे इथे हमखास अडकतात.

बँकेने कर्ज मंजूर केलं तोवर सप्टेंबर अर्धा झाला आणि १८ तारखेला पितृपक्ष लागला. घरच्यांचं म्हणणं, दसऱ्यापर्यंत थांबा. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात चौकशी केली तर दसऱ्याच्या आसपास वेळ मिळणं मुश्कील, आणि बँकेचं मंजुरीपत्र ठरावीक दिवसच चालतं. तडजोड झाली: खरेदीखत पितृपक्षात, गृहप्रवेशाचा कलश दसऱ्याला. २५ सप्टेंबरला आम्ही, बिल्डर आणि दोन साक्षीदार. चलन आदल्या दिवशी ऑनलाइन भरलेलं, माहिती आधीच संगणकात टाकलेली. बाहेर टपरीवर चहाही गरम होता आणि बसायला बाकडं रिकामं. अंगठा, फोटो, सही. दुपारच्या आत मोकळे, सूची दोन (नोंदणी झाल्याचा उतारा) हातात. ज्यांना मुहूर्ताचं फार नाही त्यांनी पितृपक्षात नोंदणी करावी, हे मी अगदी मनापासून सांगतो.

१२ ऑक्टोबरला दसऱ्याला राहायला गेलो. नोव्हेंबरमध्ये विधानसभेचं मतदान, बायकोची पुन्हा ड्युटी.

मार्च २०२५ मध्ये बायकोचा कराचा हिशोब केला. भरलेलं मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी ८०सी मध्ये त्याच वर्षी दाखवता येते, कर्जाची मुद्दलही. पण तिचा दीड लाखाचा कोटा एनपीएसची कपात, विमा आणि मुद्दल यांनीच बराचसा भरला होता, त्यामुळे दोन लाखांपैकी थोडीच रक्कम बसली. उरलेली पुढच्या वर्षी नेता येत नाही. एनपीएसचे ५०,००० वेगळ्या कलमात हलवून जागा करता येते, तेवढी केली. व्याजाचे सहा महिन्यांचे लाखभर पूर्ण बसले. आणि हे घर पाच वर्षांच्या आत विकलं तर ८०सी ची घेतलेली वजावट उत्पन्नात परत येते, हे बिल्डर सांगत नाही.

पुढच्या वर्षाची गंमत तर वेगळीच. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, पगारदारांना प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंत. बायकोचा पगार त्याच्या आत आहे. म्हणजे घराचं व्याज दाखवून जुन्या पद्धतीत राहण्यात तिला आता काही मिळत नाही, तीही नवीन पद्धतीत आली. कर वाचतो म्हणून कर्ज मोठं घ्या, असा सल्ला आम्हाला तिघाचौघांनी दिला होता.

पीएफचे नियमही बदलत आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याच्या तेरा वेगवेगळ्या तरतुदी एकत्र करून घर हा एक वेगळा गट ठेवायचं, सेवेची अट १२ महिन्यांवर आणायचं आणि २५ टक्के रक्कम खात्यात कायम ठेवायचं मंजूर केलं. अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवर जो नियम दिसेल तो धरा. केवायसी, नाव, जुनं खातं वर्ग करणं हे मात्र कुठल्याही नियमात लागणारच. घर दोन वर्षांनी घ्यायचं असलं तरी ते या महिन्यात सुरू करा. येत्या २७ ला कॅम्प कुठे आहे, उद्या एचआरला विचारा.